‘१३ टक्के म्हणजे मशीन मोकळं’ असं लिहिणाऱ्या वाचकास

नमस्कार.

विंडोजचा टास्क मॅनेजर, म्हणजे कुठला प्रोग्राम प्रोसेसर (सीपीयू) किती वापरतोय ते दाखवणारी खिडकी, कसा वाचायचा, या माझ्या लेखाखाली तुम्ही नाव न घालता लिहिलंय: “१३ टक्के सीपीयू म्हणजे मशीन मोकळं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी आठही आलेख बघितले, एकही भरलेला नव्हता. मागवाल्यांना उगाच घाबरवू नका. चित्रं धड दिसत नाहीत, लिनक्सचा पत्ता नाही, आणि इतकं खोलात जाण्यापेक्षा माणसानं नवीन मशीन घ्यावं.”

चित्रांचं मान्य. मोबाईलवर अक्षरं बारीक दिसतात, मोठी करून टाकतो.

पण ‘शेंबडं पोर’ कशासाठी? पटलं नाही तर सरळ शब्दांत सांगता येतं. सोलापूरच्या पूर्व भागात आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. चादरीचं जेकार्ड डिझाइन ज्या मशीनवर होतं, ती मशीनं मी उघडलीत. मार्चअखेरीला हिशेब अडकला म्हणून रात्री उशिरा आलेले फोन घेतलेत. ‘मागवाले’ हा शब्द तुम्ही ज्या सुरात लिहिलात, तो मला शेंबड्या पोरापेक्षा जास्त लागला. ही माणसं घाबरत नाहीत, विचारतात. आणि त्यांना नीट उत्तर मिळायला हवं.

आता तुमचं वाक्य. चार कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि आठ लॉजिकल प्रोसेसर (इथं एकेक कोअर विंडोजला दोन म्हणून दिसतो) असलेलं मशीन घ्या, आमच्याकडं अशी ढिगानं आहेत. विंडोजचा टास्क मॅनेजर टक्केवारी काढतो ती आठही मिळून. एखादा जुना प्रोग्राम एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच लॉजिकल प्रोसेसरवर, चालणारा असेल आणि कुठंतरी गुंतून तिथंच फिरत राहिला, तर तो जास्तीत जास्त आठवा हिस्सा खाऊ शकतो, म्हणजे १२.५ टक्के; पूर्णांकात धरले तर तुमचे १३. त्याच्या वर तो जाऊच शकत नाही. शेडमध्ये आठ माग आहेत, सात बंद, आणि सगळी ऑर्डर आठव्यावर अडकलीय. मालकाला तुम्ही ‘शेड मोकळी आहे’ म्हणून सांगाल का?

तोच प्रोग्राम त्याच मशीनवर लिनक्समध्ये चालवा आणि टॉप ही तिथली असाच आकडा दाखवणारी कमांड लावून बघा. त्याच्या नावासमोर १०० च्या आसपास आकडा दिसेल, कारण टॉप साधारणपणे एका लॉजिकल प्रोसेसरलाच शंभर धरतो. मशीन तेच, काम तेच, आकडा आठपट. नुसता आकडा बघून काय कळलं, ते तुम्हीच सांगा.

राहिले तुमचे आठ आलेख, दर लॉजिकल प्रोसेसरचा एक. एकही भरलेला दिसला नाही, हे अगदी शक्य आहे. विंडोज ते काम एका प्रोसेसरवरून दुसऱ्यावर हलवत राहतं, त्यामुळे भार सगळीकडे थोडाथोडा पसरलेला दिसतो. म्हणूनच मी लिहिलं होतं की आलेखावर थांबू नका. डिटेल्स टॅबमध्ये जा, सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करून मोठे आकडे वर आणा आणि कुणाच्या नावासमोर १२-१३ चा आकडा हलायलाच तयार नाही ते बघा. (सिस्टिम आयडल प्रोसेस सोडून; तिच्यासमोर असतो तो रिकामा वेळ.) हा परिच्छेद लेखात होता. तुम्ही तो वाचलेला नाही, हे तुमच्या प्रतिक्रियेवरूनच दिसतं.

लिनक्सचं म्हणाल तर लेखाचा विषय विंडोज होता, बस्स.

आणि ‘नवीन मशीन घ्यावं’? हा सल्ला द्यायला फार सोपा आहे. एका टॉवेलच्या कारखान्यात असाच सल्ला कुणीतरी देऊन गेलं होतं. मी परफॉर्मन्स टॅब उघडला. बेस स्पीड, म्हणजे प्रोसेसरचा नेमलेला वेग, २.४० गिगाहर्ट्झ, आणि भार असताना चालू वेग एकच्याही खाली! एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, त्यात मागावरचा तंतू उडून हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांच्या) फटीफटीत बसलेला. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. वापराचा आकडा मात्र तेवढाच मोठा दिसू शकतो. पंखा आणि हीटसिंक साफ केला, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट बदलली. ते मशीन आजही चालू आहे, आणि नव्या मशीनचे पैसे त्या माणसानं सुतात घातले. त्याला ‘खोलात जाऊ नको’ म्हणून सांगायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

पुढच्या वेळी नाव घालून लिहा. सोबत तुमच्या मशीनचे कोअर किती, लॉजिकल प्रोसेसर किती, भार असताना वेग किती आणि डिटेल्समध्ये सगळ्यात वर कोण, एवढं कळवा. मी उत्तर देईन.