निळ्या स्क्रीनवर नाव आलं म्हणजे दोषी तोच, असं नसतं

खानदेशातल्या कॉम्प्युटरवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘विंडोजची निळी स्क्रीन आली म्हणजे रॅम गेली. रॅम बदलूनही थांबत नसेल तर स्क्रीनवर ज्या फाइलचं नाव येतं ती उडवा. ड्रायव्हर व्हेरिफायर लावू नका, मशीन कायमचं बसतं. मेमरी इंटिग्रिटी बंद ठेवा.’ भुसावळला माझ्या आतेभावाचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. त्याने आधी नवी रॅम घातली, मग पेनड्राइव्हवरून बूट करून ‘एनटीएफएस डॉट सिस’ उडवली. ऐन अ‍ॅडमिशनच्या दिवसांत मशीन सुरूच होईना. ‘आता काय करू भो?’ म्हणून त्याचा फोन आला.

फाइल उडवा हा सल्ला सगळ्यात घातक. एनटीएफएस हा विंडोजला डिस्कवरच्या फाइली वाचून देणारा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालणारा प्रोग्राम. तोच काढला तर विंडोज उठणार कशी? आणि दोष बहुतेकदा त्याचा नसतोच. कर्नलमध्ये, म्हणजे त्या गाभ्यात, सगळे ड्रायव्हर एकाच मेमरीत राहतात, मध्ये भिंत नाही. एखाद्या ड्रायव्हरने ६४ बाइट मागून घेतले आणि ६८ लिहिले, की वरचे ४ बाइट शेजारच्या तुकड्याच्या हेडरवर, म्हणजे सुरुवातीच्या नोंदीवर, पडतात. त्या क्षणी काहीच होत नाही. नंतर कधीतरी एनटीएफएस तो शेजारचा तुकडा परत करायला जातो, कर्नलला हेडर बिघडलेलं दिसतं आणि ‘बॅड पूल हेडर’ म्हणून मशीन पडतं. बांध कोरला एकाने, पंचनाम्यात नाव दुसऱ्याचं.

हा बांध कोरणारा सापडावा म्हणूनच व्हेरिफायर आहे. विंडोज २००० पासून तो विंडोजमध्येच येतो. त्यातला ‘स्पेशल पूल’ संशयित ड्रायव्हरला मेमरी देताना ती पेजच्या, म्हणजे मेमरीच्या ठरावीक मापाच्या गाळ्याच्या, अगदी शेवटाला देतो आणि पुढचं पेज बंद ठेवतो. ड्रायव्हर हद्दीबाहेर गेला की मशीन तिथल्या तिथे पडतं आणि डंपमध्ये, म्हणजे पडताना जपून ठेवलेल्या मेमरीच्या नोंदीत, खरं नाव सापडतं. म्हणजे मशीन पडतं हे खरं, पण ते मुद्दाम पाडलेलं असतं. पुन्हा पुन्हा पडून सुरूच होत नसेल तर सेफ मोडमध्ये जाऊन व्हेरिफायर रिसेट करायचा. कायमचं काही बसत नाही.

भावाकडे विंडोज नव्याने टाकली तरी निळी स्क्रीन परत आली. मग मायक्रोसॉफ्टचे सोडून बाकी सगळ्या ड्रायव्हरांवर व्हेरिफायर लावला आणि पडलेला मिनीडंप (छोटा डंप) विंडबग या मायक्रोसॉफ्टच्या तपासणी प्रोग्राममध्ये उघडला. जुन्या वाय-फाय डोंगलसोबत आलेल्या सीडीवरचा ड्रायव्हर निघाला. डोंगल काढला, प्रश्न मिटला. रॅमचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

रॅम खराब होतच नाही असं मी म्हणणार नाही. होते, आणि आपल्याकडचा मे महिना मशीनला सोसवत नाही. पण मग रात्रभर मेमटेस्ट लावा, चूक दिसली तर बदला. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ च्या निबंधात नोंदवलंय की विंडोज एक्सपीच्या तेव्हा कळवल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होते. आकडा जुना आहे, पण पहिला संशय कुणावर घ्यायचा हे त्यावरून कळतं.

मेमरी इंटिग्रिटी म्हणजे कर्नलमध्ये परका कोड घुसू न देणारी विंडोजची सोय. तिच्यामुळे मशीन थोडं मंदावतं, मान्य. पण ज्या दुकानात लोकांचे आधार आणि मार्कशीट स्कॅन होतात, तिथे कर्नलचं संरक्षण काढा असं सांगूच कसं शकता?

निळी स्क्रीन आलीच तर काही उडवण्याआधी विंडोज फोल्डरमधल्या ‘मिनीडंप’ची कॉपी बाजूला काढा. आधी फॉरमॅट मारलात तर तपासायला काहीच उरत नाही.