दोनशे डॉलर गेले, कायदा जागेवरच आहे

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: १ जानेवारी २०२६ पासून शॉर्ट बॅरल रायफलवरचा (आखूड नळीची रायफल, थोडक्यात एसबीआर) २०० डॉलरचा टॅक्स रद्द झाला, त्यामुळे आता कागदपत्रांची भानगड उरली नाही. घराच्या रक्षणासाठी हेच सर्वांत चांगलं हत्यार. नळी आखूड म्हणून गोळी भिंतीपार जात नाही, घरातलं कुणीही ते वापरू शकतं आणि अमेरिकेत राहणाऱ्या प्रत्येकाला ते घेता येतं.

टॅक्स गेला एवढं खरं आहे. बाकीच्यावर विसंबून कुणी वागलं तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

टॅक्स आणि नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टने मशीनगन, सायलेन्सर, आखूड नळीच्या रायफली आणि शॉटगन यांच्यावर २०० डॉलर बसवले, तेव्हा ती रक्कम मुद्दामच भरमसाट ठेवली होती. मूळ विधेयकात पिस्तुलंही होती. ती पुढे वगळली गेली, पण रायफल कापून पिस्तुलासारखी लपवता येऊ नये म्हणून घातलेलं कलम तसंच राहिलं. पिस्तूल सहज मिळतं आणि त्याहून लांब रायफलला सरकारी मंजुरी लागते, हे मलाही तर्काला धरून वाटत नाही. २०२५ मध्ये या नोंदणीला कोर्टात आव्हानही दिलं गेलं. पण जुलै २०२५ च्या कायद्याने फक्त रकमेच्या जागी शून्य घातलं. तयार रायफल घ्यायची तर शस्त्रांवर देखरेख ठेवणाऱ्या एटीएफ या केंद्रीय संस्थेचा फॉर्म फोर, आपल्याच रायफलला आखूड नळी बसवायची तर फॉर्म वन. बोटांचे ठसे, फोटो, स्थानिक पोलीस प्रमुखांना प्रत, हे सगळं कायम आहे. फॉर्म वनवाल्याला रिसीव्हरवर (बंदुकीच्या मुख्य सांगाड्यावर) आपलं नाव, गाव आणि राज्य कोरून घ्यावं लागतं, तेही किमान ०.००३ इंच खोल. एटीएफची मंजुरी येण्याआधी नळी बदलली, तर त्या क्षणी गुन्हा झाला.

आखूड कशाला म्हणायचं, यातही लोक फसतात. नळी १६ इंचांपेक्षा कमी किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी, यांपैकी एक जरी लागू झालं तरी ती एसबीआर. नळी बाहेरून टेप लावून मोजत नाहीत. रायफल रिकामी आहे याची खात्री करून बोल्ट (नळीचं मागचं टोक बंद करणारा भाग) बंद करायचा, नळीच्या तोंडातून लाकडी काठी बोल्टला टेकेपर्यंत आत सोडायची, तोंडाशी खूण करायची आणि काठी बाहेर काढून मोजायची. पुढे नुसतं आट्यांवर फिरवून बसवलेलं उपकरण यात धरत नाहीत; कायमचं वेल्ड केलेलं धरतात. साडेचौदा इंची नळी घेऊन पुढच्या तुकड्यासह ‘सोळा भरली’ म्हणणाऱ्याने तो तुकडा पक्का केलाय का, हे आधी बघावं.

गोळी भिंतीपार जात नाही, हा या मेसेजमधला सर्वांत घातक दावा. अमेरिकन घरातली आतली भिंत म्हणजे दोन बाजूंना अर्धा इंच ड्रायवॉल (जिप्समची पातळ पाटी) आणि मध्ये बरीचशी पोकळी. माणसाला थांबवू शकणारी जवळजवळ कुठलीही गोळी ती भेदते. वीस इंची नळीतून ५.५६ मिलिमीटर या रायफलच्या नेहमीच्या काडतुसाची हलकी गोळी सेकंदाला साधारण ३,२०० फूट वेगाने निघते; साडेदहा इंचीतून तो वेग २,७०० च्या आसपास येतो. ही गोळी वेगाच्या जोरावर फुटते. वेग घटला की ती अखंड राहून पुढे जाण्याची शक्यता वाढते. म्हणजे मुलांची खोली भिंतीपलीकडे असेल, तर आखूड नळीने काहीही सोपं होत नाही. थ्री हंड्रेड ब्लॅकआउट हे काडतूस आखूड नळीतही चांगलं चालतं, पण भिंत तेही भेदतंच.

आवाजही विसरू नका. आखूड नळीत बरीच दारू बाहेर येऊन जळते, त्यामुळे दणका आणि झोत दोन्ही वाढतात. बंद खोलीत कानाचं कायमचं नुकसान व्हायला एक गोळी पुरते.

बोळकांडीत वळायला छोटी बंदूक बरी, हे मान्य. त्यासाठी एसबीआरच हवी असं नाही. बुलपप रायफलमध्ये यंत्रणा ट्रिगरच्या मागे असते. १६ इंची नळी ठेवूनही एकूण लांबी २६ इंचांच्या थोडी वरच राहते, आणि ही नोंदणी लागत नाही.

आता घरातल्या ‘कुणीही’ बद्दल. नोंदणी एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल, तो कामासाठी बाहेरगावी असेल आणि कपाटाची किल्ली बायकोकडे असेल, तर दुसऱ्याच्या नावावरचं हत्यार बाळगल्याचा ठपका तिच्यावर येऊ शकतो. घराच्या रक्षणासाठी घेतलेली वस्तू घरात एकट्या असलेल्या माणसालाच वापरता येणार नसेल, तर ती घेऊन काय साधलं? म्हणून अनेक जण ट्रस्ट करून नोंदणी करतात. तिथेही प्रत्येक जबाबदार व्यक्तीचे ठसे आणि फोटो लागतात.

‘प्रत्येकाला’ हा शब्द तर आपल्या लोकांसाठी सरळ धोक्याचा आहे. एच-वन बी, एच-फोर, एफ-वन असे व्हिसा घेऊन आलेल्यांना केंद्रीय कायद्याने कुठलंच फायरआर्म बाळगता येत नाही. वैध शिकारी परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्याला घेता येतं, पण शस्त्रासंबंधी गुन्ह्यात शिक्षा झाली तर त्याच्यावर देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते. नागरिकाला जे प्रकरण वकिलाच्या फीवर निभावेल, त्यात ग्रीन कार्डवाल्याचं पंधरा वर्षांचं बस्तान उठू शकतं.

शेवटी राज्यांचं. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया आणि हवाई इथे सामान्य माणसाला एसबीआर ठेवता येत नाही, केंद्राचा टॅक्स शून्य असो वा दोनशे. टेक्सासात रीतसर नोंदवलेली रायफल राज्याबाहेर नेण्याआधीही एटीएफची परवानगी लागते. नोकरी बदलून न्यू जर्सीतल्या एडिसनला जाणार असाल, तर ट्रकमध्ये सामान भरण्याआधी तिची रीतसर व्यवस्था लावा. तिथे पोहोचल्यावर टेक्सासची मंजुरी दाखवून काही उपयोग नाही.