रंगपंचमी नाही, शूटरच आहे

परवा कॉलेजच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी स्प्लाटून ३ हा व्हिडिओ गेम खेळतानाचा छोटा व्हिडिओ टाकला. पाच मिनिटांत उत्तरं यायला लागली. "काय रे, रंगपंचमी चालू आहे का?" "पोरांचा गेम आहे हा." "रक्त नाही, हेडशॉट नाही, मग शूटर कसला?" ही सगळी माझी जवळची माणसं. २००५-०६ च्या सुमारास पुण्यात कर्वे रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका सायबर कॅफेत आम्ही रात्र रात्र काउंटर-स्ट्राइक १.६ हा शूटर, म्हणजे बंदुकांचा गेम, खेळलोय. त्यामुळे दोन स्मायली टाकून विषय संपवावासा वाटला नाही. इथे सविस्तर लिहितो.

ज्यांनी गेम पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. स्प्लाटून हा निन्टेंडोचा गेम. पहिला भाग मे २०१५ मध्ये वी यू कन्सोलवर आला, दुसरा २०१७ मध्ये स्विचवर आणि तिसरा सप्टेंबर २०२२ मध्ये. चार विरुद्ध चार, तीन मिनिटांचा डाव. कोणाच्या हातात बंदूक, कोणाच्या हातात भिंत रंगवायचा रोलर, कोणाकडे ब्रश, कोणाकडे चक्क बादली. यातून गोळी सुटत नाही, शाई उडते. पात्रं अर्धी पोरं आणि अर्धी माकूळ (स्क्विड), म्हणजे आपल्याकडे मासळी बाजारात मिळतं तेच. माकूळ होऊन स्वतःच्या रंगात बुडी मारली की भराभर पोहता येतं, समोरच्याला सहज दिसत नाही आणि पाठीवरची शाईची टाकीही भरते. शत्रूच्या रंगात पाय पडला की चाल मंदावते आणि इजाही होते. 'टर्फ वॉर' या मुख्य प्रकारात किती जण टिपले याला निकालात किंमत नाही. जमीन कोणाच्या रंगाने जास्त भरली एवढंच बघतात.

मित्रांचा सगळा राग इथेच आहे. मारलेले मोजत नाहीत, म्हणजे खेळ लुटुपुटूचा.

मग मला आठवा बरं, काउंटर-स्ट्राइकच्या डस्ट टू या नकाशावर खेळताना आपण एकमेकांना ओरडून काय सांगायचो? "लाँग गेला." "मिडला एक आहे." "बी मोकळं आहे, चला." लाँग, मिड ही नकाशातल्या जागांची नावं, ए आणि बी या बॉम्ब लावायच्या जागा. किती मारले हे डाव संपल्यावर टॅब दाबून बघायचो. डाव चालू असताना तोंडात फक्त जागा असायची. कोणता कोपरा आपला, कोणता त्यांचा, कुठून आत शिरता येईल. एके-४७ हातात येईपर्यंत पैसे साठवायचे, लाँगचं दार धरून ठेवायचं, बॉम्ब लावला की पाठ सांभाळायची. हे सगळं जमिनीचंच भांडण होतं. फक्त ती जमीन कोणाची आहे हे आपल्याला डोक्यात धरून ठेवावं लागायचं. स्प्लाटूनने ते डोक्यातलं उचललं आणि फरशीवर रंगवलं. मी तर म्हणेन, शूटरचा गाभा इतका उघडा करून दाखवणारा दुसरा गेम मी खेळलेलो नाही.

हे मला कळलं ते भाचीमुळे. अकरा वर्षांची आहे. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे होती. स्विच एकच, म्हणून आळीपाळीने खेळायचो. माझा डाव चालू असला की ती शेजारी मांडी घालून बघत बसायची. मी शत्रूच्या मागे जायला म्हणून रंगातून सुसाट पोहत निघायचो आणि दर वेळी तो वळून मला उडवायचा. चार-पाचदा झाल्यावर ती म्हणाली, "मामा, तू दिसतोयस त्याला. तरंग उठतायत बघ. हळू जा ना."

मी स्टिक पूर्ण पुढे न ढकलता जेमतेम कलती ठेवली. खरंच, शाईवरचे तरंग गेले. सपाट, चकचकीत रंग, खाली मी आहे याची खूणही नाही. समोरचा दोन हातांवरून निघून गेला.

मी कंट्रोलर खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिलो. हे तर काउंटर-स्ट्राइकमधलं शिफ्ट दाबून, आवाज न करता चालणं! कॅफेत हेडफोन कानाला घट्ट दाबून आम्ही पावलांचे आवाज ऐकायचो, आणि आपले आवाज जाऊ नयेत म्हणून करंगळी शिफ्टवरून हलायची नाही. तीच युक्ती, तीच धाकधूक. तिथे कान लावायचे, इथे फरशी वाचायची. आपल्या रंगाच्या पट्ट्यात अचानक शत्रूच्या रंगाचा शिंतोडा दिसला की समजायचं, कोणीतरी आत शिरलंय.

रंग म्हणजे बालिशपणा, हा समज आपल्या पिढीत फार खोल गेलाय. टीम फोर्ट्रेस २ या शूटरचंच बघा. १९९९ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा तो गंभीर लष्करी गेम होता. २००७ मध्ये हातात आला तेव्हा सगळी माणसं कार्टूनमधली. पण त्यामागे विचार होता. नऊ पात्रांपैकी समोर कोण आहे हे लांबून, नुसत्या आकृतीवरून ओळखता आलं पाहिजे. चित्रशैली हीच माहिती झाली. स्प्लाटूनही असाच घडलेला. सुरुवातीच्या नमुन्यात पात्रं नव्हतीच, टोफूच्या तुकड्यांसारखे काळे-पांढरे ठोकळे एकमेकांवर शाई उडवत होते. मग ससे करून पाहिले. शाईत लपायचं, शाईत पोहायचं हे पटण्यासारखं दिसायला हवं होतं, तेव्हा कुठे माकूळ सापडली. म्हणजे गोंडस पात्र आधी ठरवून त्याच्या हातात बंदूक दिलेली नाही. नियम आधी आले, रूप नंतर.

आणि रंगाचं एवढंच वावडं असेल तर काउंटर-स्ट्राइकमध्येच ऑगस्ट २०१३ पासून बंदुकांना स्किन्स, म्हणजे रंगीत रूपं, आल्या. जांभळ्या, सोनेरी, गुलाबी एके घेऊन माझेच मित्र फिरतात, त्यावर पैसेही घालवतात. बीजीएमआय, म्हणजे पबजीची भारतातली आवृत्ती, २०२१ मध्ये आपल्याकडे आला तो हिरवं रक्त घेऊन आणि 'किल'च्या जागी 'फिनिश' घेऊन. त्यामुळे कोणाचा नेम बिघडल्याचं मी तरी ऐकलं नाही.

त्यांचं एक म्हणणं मात्र मला मनापासून मान्य आहे. मरणाची भीती स्प्लाटूनमध्ये तशी नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये मेलात की डाव संपेपर्यंत हात बांधून बघत बसायचं. एकटाच उरलाय, समोर तिघं, मागे पाच जण श्वास रोखून उभे, कॅफेवाला काकाही गल्ला सोडून आलाय, ती शांतता स्प्लाटून देत नाही. इथे काही सेकंदांत तुम्ही परत उभे. ज्याला ते दडपण हवंय त्याने जुनाच गेम खेळावा, त्यात काही चूक नाही. पण तो दडपणाचा फरक झाला, दर्जाचा नव्हे.

उलट स्प्लाटूनने केलेली एक गोष्ट आपल्या गेम्सना कधी जमली नाही. आठवतंय, कॅफेत कोणी नवखा आला की काय व्हायचं? पहिल्या दहा सेकंदांत मरायचा, मग दीड मिनिट भिंतीकडे बघायचा, पुन्हा मरायचा. तासाचे पैसे संपायच्या आत उठून जायचा, आणि आम्ही "नूब" म्हणून हसायचो. माझी बहीण एकदा आली होती. पुन्हा कधीच आली नाही. आज त्याचं मला वाईट वाटतं. तिचीच मुलगी ही.

स्प्लाटूनमध्ये नेम न येणारा माणूस पहिल्या दिवशी रोलर घेऊन स्वतःच्या बाजूची जमीन रंगवतो आणि ते काम खरंच मोजलं जातं. शिवाय रंगवता रंगवता त्याचं खास अस्त्र भरत जातं, ते ऐन वेळी सोडलं की पुढच्या नेमबाजाची वाट मोकळी होते. नवख्याला दया म्हणून संघात घेतलेलं नसतं, त्याची गरज असते. नेम येणाऱ्यांसाठी वरचे रँकचे प्रकार आहेत, तिथे लहान पोरांचा खेळ म्हणून आत शिरलेले दोन डावांत गप्प होतात. जपानमध्ये तिसरा भाग पहिल्या तीन दिवसांत ३४ लाख ५० हजारांहून जास्त विकला गेला. ही सगळी लहान पोरं असतील असं मला वाटत नाही.

सुट्टीच्या शेवटच्या रात्री भाची खेळत होती. शेवटचं मिनिट लागलं, संगीत बदललं. नकाशाचा मधला भाग जवळजवळ सगळा शत्रूच्या हिरव्यात गेलेला. तिने मारामारीकडे बघितलंच नाही. कडेने, हळू, तरंग न उठवता ती त्यांच्या बाजूला गेली आणि उरलेली वीस-पंचवीस सेकंदं फक्त रोलर फिरवत राहिली. कोणाला टिपलं नाही. ते दोघं परत धावत आले तोवर वेळ संपली होती. निकाल सांगणाऱ्या मांजराने आमच्या रंगाचा झेंडा वर केला आणि ती सोफ्यावरून उडाली. डस्ट टू वर सगळे शत्रू ए कडे ओढून एकट्याने बी ला बॉम्ब लावायचा आमचा जो डाव होता, तो हाच.

तर ग्रुपवरच्या सगळ्यांना सांगणं, येत्या शनिवारी रात्री घरी या. भाचीही येणार आहे. स्विच एकच आहे, एक डाव हरला की पुढच्याच्या हातात. कंट्रोलर मनगटाने फिरवून नेम धरायचा असतो, आणि माउसवर वाढलेला प्रत्येक जण आल्याआल्या ते मोशन बंद करतो, मीही केलं होतं. तिने बजावून ठेवलंय, मोशन बंद केलं तर ती शेजारी बसून काही सांगणार नाही.