तालमीला जागा हवी

नाटकामुळे वंचित वस्त्यांतील मुलांचा आत्मविश्वास वाढतो, हे आपण छापलेल्या लेखातील म्हणणे मला मान्य आहे; तो कशामुळे वाढतो, यावर मात्र अधिक लिहायला हवे होते. ठाण्यात नाटककार रत्नाकर मतकरी यांच्या कल्पनेतून २०१४ साली सुरू झालेल्या ‘वंचितांचा रंगमंच’ या उपक्रमात वस्तीतील मुले स्वतःच्या जगण्यातले विषय घेऊन उभी राहतात, आणि माझ्या मते खरे बळ तिथेच आहे.

नाशिकमध्ये सातपूरजवळच्या एका वस्तीतील समाजमंदिरात मी काही महिने तालमी घेतल्या. नळावरच्या भांडणाचा प्रसंग बसवताना, एरवी मान वर न करणारी नववीतली मुलगी रिकामा हंडा आपटून असे काही बोलली, की दाराशी उभ्या असलेल्या बायका गप्प झाल्या आणि त्यांतली एक ‘अगं, हे तर माझंच बोलणं’ म्हणत आत येऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी इतरांचे संवाद दुरुस्त करू लागली.

लग्नसराईत केटरिंगची कामे सुरू झाली, की मोठी मुले तालमींतून गळतात. शिवाय अशा गटांना नाट्यगृहाचे भाडे परवडत नाही. त्यामुळे महापालिकेने आपल्या शाळांची सभागृहे संध्याकाळी दोन तास तरी त्यांच्यासाठी उघडी ठेवावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.