पहाटेचं पेट्रोल, मांजराची जीभ आणि एक खरमरीत प्रतिक्रिया

नमस्कार,

इंधन, पाळीव प्राणी आणि विमानतळ यांच्यातल्या गमतीजमतींवर लिहिलेल्या मागच्या लेखावर तुम्ही चांगलीच खरमरीत प्रतिक्रिया दिलीत. दोन ओळींत आभार मानून मोकळं होता आलं असतं, पण तुमचे मुद्दे तसे वाटेला लावण्यासारखे नाहीत. बाकीच्या वाचकांसाठी ते थोडक्यात सांगतो. पहाटे पेट्रोल भरून काही फायदा नाही हे माझं म्हणणं शाळेतल्या विज्ञानाच्या विरुद्ध आहे. मांजराला गोड चव कळत नाही हे धादांत खोटं आहे, कारण तुमची मांजर आइस्क्रीमची वाटी चाटूनपुसून लख्ख करते. टाकी भरली की नोझल आपोआप बंद होतं यात नवल कसलं, सेन्सर असणारच. धावपट्ट्यांचे नंबर पाठ करून काय करायचं? आणि एकूणात लेख म्हणजे ना शेंडा ना बुडखा असलेला फॉरवर्ड. त्यापेक्षा डिझेलच्या गाडीत चुकून पेट्रोल भरलं तर काय करावं हे सांगितलं असतं तर कुणाच्या तरी कामी आलं असतं.

पेट्रोलपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. तापलं की पेट्रोल प्रसरण पावतं, आणि पाण्यापेक्षा बरंच जास्त. दर अंशाला साधारण ०.१ टक्का धरा. म्हणजे पेट्रोल खरोखरच १० अंशांनी थंड असेल, तर ३० लिटरमागे जवळजवळ ३०० मिलीलिटरचा फायदा. हिशोब चोख आहे. घोटाळा होतो तो पेट्रोल कुठे ठेवलेलं असतं या प्रश्नावर. पंपावरचं पेट्रोल उघड्यावर नसतं, जमिनीखालच्या टाकीत असतं, तेही हजारो लिटर. एवढ्या खोलीवर मातीचं तापमान ऋतूप्रमाणे बदलतं, तासाप्रमाणे नाही. पहाटे आपल्याला हुडहुडी भरली म्हणून टाकीतल्या पेट्रोलला भरत नाही. पहाट आणि दुपार यांत एका अंशाचा फरक पडला असं धरलं, तरी ३० लिटरला ३० मिलीलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे. एवढ्यासाठी गजर लावायचा असेल तर लावा बापडे. खरा फरक पडलाच तर तो टँकर नुकताच रिकामा झालाय का यामुळे पडतो, घड्याळामुळे नाही.

ही आकारमानाची भानगड काल्पनिक नाही, म्हणूनच कॅनडात बऱ्याच पंपांवर मीटर मुळातच १५ अंश सेल्सिअसला जेवढं आकारमान भरेल तेवढं दाखवतो. आणि म्हणूनच विमानात इंधनाचा हिशोब लिटरवर न थांबता वजनापर्यंत न्यावा लागतो. इंजिनाला मिळणारी ऊर्जा वजनावर ठरते, आणि विमान उचललं जाईल का हेही वजनावरच.

वजन आणि आकारमान यांची गल्लत झाली की काय होतं, याचं उदाहरण विमान वाहतुकीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. २३ जुलै १९८३, एअर कॅनडाची फ्लाइट १४३, मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला. विमान कोरं बोइंग ७६७. देशात मेट्रिक पद्धत नुकतीच येत होती आणि इंधनाचा हिशोब किलोत करायचं हे त्या कंपनीचं पहिलंच विमान. इंधनाचे काटे बंद पडले होते, म्हणून टाक्यांत मोजपट्टीने लिटर मोजले आणि त्यांचं वजन काढायला १.७७ ने गुणलं. हा आकडा पौंडांचा! किलोसाठी गुणायला हवं होतं साधारण ०.८ ने. लागणार होतं २२,३०० किलो, विमानात होतं २२,३०० पौंड, म्हणजे निम्म्याहून कमी. ४१,००० फुटांवर असताना इशारे वाजायला लागले आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं बंद. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवण्याचा सराव होता, हे सगळ्यांचं नशीब. त्यांनी ते अजस्र विमान तरंगवत आणून गिमली इथल्या वायुदलाच्या जुन्या तळावर उतरवलं. त्या धावपट्टीचा वापर एव्हाना गाड्यांच्या शर्यतींसाठी होत होता. विमानातले सगळे, ६९ जण, वाचले. तुमचं शाळेतलं विज्ञान आणि ही गोष्ट यांच्यात मला तरी विरोध दिसत नाही.

आता नोझल. “सेन्सर असणारच” हे तुम्ही इतक्या सहज लिहिलंत की मला ते वाक्य आवडलं. बहुतेकांना तसंच वाटतं, आणि ते तसं नाही, म्हणून तर ते लेखात होतं. पुढच्या वेळी नोझल बाहेर काढतील तेव्हा त्याच्या टोकाजवळ बघा. एक बारीक भोक दिसेल. तिथून एक नळी आतून मुठीपर्यंत जाते. मुठीत पेट्रोल एका अरुंद जागेतून वेगाने जातं, वेग वाढला की दाब घटतो आणि त्या भोकातून हवा आत ओढली जाते. टाकीत पेट्रोल वर येत येत भोकापर्यंत पोचलं की हवा यायची बंद होते. स्ट्रॉचं तोंड बोटाने दाबून ओढलं की गाल आत जातात, तसा मुठीतला रबरी पडदा आत खेचला जातो, खटका सुटतो आणि ‘खट्’ करून धार थांबते. ना वीज, ना तार, ना चिप. डिझेल भरताना कधीकधी टाकी भरायच्या आधीच खटका पडतो, त्याचंही कारण तेच: डिझेलला फेस येतो आणि फेसाने भोक बुजतं. खटका पडल्यावर “थोडं अजून” म्हणून ठासून भरू नये, हेही यातच आलं. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा असतो. त्यात वाफेऐवजी पातळ पेट्रोल शिरलं की तो खराब होतो.

मांजराकडे येतो. तुमची मांजर आइस्क्रीम चाटते यावर माझा पूर्ण विश्वास आहे. फक्त ती त्यातला गोडवा चाटत नाही. गोड चव ओळखणारा जिभेवरचा ग्राहक (रिसेप्टर) दोन प्रथिनांचा मिळून बनतो. त्यातल्या एका प्रथिनाचा जनुक मांजरांमध्ये मोडलेला आहे: त्याचा डीएनएच्या २४७ अक्षरांचा एक तुकडाच गायब आहे. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि नुसत्या घरातल्या मांजरांत नव्हे, वाघ आणि चित्त्यातही तीच मोडतोड सापडली. फक्त मांस खाऊन जगणाऱ्याला पिकलेलं फळ ओळखण्याची गरज नव्हती, तेव्हा जनुक मोडला तरी कुणाचं काही अडलं नाही. मग आइस्क्रीममध्ये आहे काय? स्निग्ध पदार्थ आणि दुधातली प्रथिनं, आणि त्या दोन्हींवर मांजरांचा जीव असतो. पडताळून बघायचं असेल तर आइस्क्रीम हा प्रयोगच चुकीचा, कारण त्यात साखर आणि साय दोन्ही आहेत. एका वाटीत साधं पाणी, दुसरीत साखरेचं पाणी ठेवा आणि मांजर कुठल्या वाटीला जास्त भाव देते ते बघा. (आइस्क्रीम मात्र बेतानेच. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. ती त्यांना चवीला कळत नाही, पोटाला कळते.)

“याचा उपयोग काय” हा तुमचा लाडका प्रश्न इथेच घेतो. गाडीच्या कूलंटमध्ये, म्हणजे अँटीफ्रीझमध्ये, बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड असतं आणि कुत्री ते आवडीने चाटतात, हे खरं. त्यावरून मांजरंही गोडीमुळेच ओढली जातात असं सर्रास लिहिलं जातं. ते खरं नाही, हे आता तुम्हीच सांगू शकाल. पण यातून कुणी मांजर सुरक्षित आहे असा अर्थ काढला तर अनर्थ होईल. मांजर तहान लागली म्हणून सांडलेलं कूलंट पिते, किंवा त्यावरून चालत जाते आणि मग सवयीने पंजे चाटून साफ करते. कुत्र्यापेक्षा तिला ते खूपच कमी मात्रेत मारतं. वजनाच्या दर किलोमागे दीड मिलीलिटर पुरतं, म्हणजे चार किलोच्या मांजरीला चहाचा एक चमचा आणि वर थोडंसं. यकृतात त्याचं रूपांतर होत होत ऑक्झॅलिक आम्ल तयार होतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. सुरुवातीला जनावर नुसतं झिंगल्यासारखं चालतं, मग थोडं सावरल्यासारखंही वाटतं, आणि तिथेच लोक फसतात. उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांतच चालतो. तेव्हा गाडीखाली रंगीत, चिकट डाग दिसला आणि मांजर अडखळत चालत असेल, तर “सकाळी बघू” म्हणायचं नाही.

विमानतळाच्या भागातही अशी एक गोष्ट होती, जिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. प्रवासी विमानात सामान ठेवतात तिथे हवा नसते आणि जनावर गारठून मरतं, अशी समजूत आहे. मोठ्या प्रवासी विमानांत तो कप्पाही प्रवाशांच्या केबिनएवढ्याच दाबाखाली असतो. जनावरं जिथे ठेवतात तो भाग उबदार राखतात आणि पोटात जिवंत प्राणी आहे याची लेखी सूचना कॅप्टनला दिलेली असते. काळजी करायची ती वेगळ्या दोन गोष्टींची. एक, जमिनीवरचा वेळ: रणरणत्या उन्हात विमानाशेजारी खोळंबलेला पिंजरा. दोन, प्रेमापोटी दिलेलं झोपेचं औषध. त्याने रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, शरीराचं तापमान सांभाळण्याची ताकद कमी होते, आणि पिंजरा हलला की प्राण्याला तोल सावरता येत नाही. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर मुळातच श्वास पुरत नाही. म्हणून पशुवैद्य प्रवासाआधी गुंगीचं औषध देऊ नका म्हणतात आणि अनेक विमान कंपन्या गुंगीतलं जनावर स्वीकारतच नाहीत.

धावपट्टीचे नंबर पाठ करायला मी सांगितलेलंच नाही. ०९ म्हणजे होकायंत्रावर ९० अंश, त्याच पट्टीचं दुसरं टोक २७. दोन्हींतला फरक नेहमी १८. चुंबकीय ध्रुव सरकतो तसे हे आकडे कधीतरी पुन्हा रंगवावे लागतात, २०११ मध्ये अमेरिकेतल्या टॅम्पा विमानतळावर रंगवले तसे. बस, एवढंच.

फॉरवर्ड म्हणालात ते मात्र मला झोंबलं. फॉरवर्डमध्ये जे हटकून असतं ते मी मुद्दाम वगळलं होतं: मांजर सातव्या मजल्याच्या वरून पडली तर खालच्या मजल्यांवरून पडलेल्यापेक्षा कमी दुखापत होते, हे. याला आधार आहे बरं का. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची पाहणी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यातली ९० टक्के वाचली, आणि जास्त उंचीवरून पडलेल्यांच्या जखमा तुलनेने कमी निघाल्या. स्पष्टीकरणही झकास दिलं जातं: वेग स्थिर झाला की मांजर अंग सैल सोडते आणि छत्रीसारखी पसरते. पण ही सगळी मांजरं दवाखान्यात आणलेली होती. विसाव्या मजल्यावरून पडून जागीच गेलेलं मांजर दवाखान्यात कोण आणतं? ती मोजणीत आलीच नाहीत. जिथे मोजणीतच भोक आहे, ते मी लिहीत नाही, मग त्याला कितीही लाइक मिळोत. खिडक्यांना जाळी लावा.

शेवटी तुम्हाला हवं होतं ते. डिझेलच्या गाडीत पेट्रोल जाण्याची चूकच जास्त होते, उलटी फारशी होत नाही, आणि त्याचं कारण नोझलच्या जाडीत आहे. डिझेलचं नोझल जाड, साधारण २५ मिलीमीटर. पेट्रोलचं २१ च्या आसपास. जाड नोझल पेट्रोल गाडीच्या तोंडात शिरत नाही, पण बारीक नोझल डिझेलच्या तोंडात अलगद जातं. पेट्रोलचं नोझल बारीक झालं ते १९७० च्या दशकात अमेरिकेत: शिसं असलेल्या पेट्रोलने गाडीचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून शिसेविरहित पेट्रोलच्या गाड्यांचं तोंडच अरुंद केलं, म्हणजे जुनं जाड नोझल आत जायलाच नको.

तर चूक लक्षात आली की गाडी सुरू करू नका. किल्ली नुसती ‘ऑन’सुद्धा करू नका, कारण बऱ्याच गाड्यांत तेवढ्यानेच टाकीतला पंप चालू होतो आणि मिश्रण पुढे ढकलतो. डिझेल हे इंधन तर आहेच, शिवाय उच्च दाबाच्या पंपाचं वंगणही तेच. त्यात पेट्रोल मिसळलं की धातूवर धातू घासतो, आणि सुटलेला कीस थेट इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत जातो. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बाजूला घ्या, टो करून न्या, टाकी रिकामी करून घ्या. गाडी सुरूच केली नसेल तर बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. सुरू करून चार किलोमीटर गेला असाल तर मेकॅनिकला तेही खरंखरं सांगा, नाहीतर तो नुसती टाकी उपसून गाडी परत देईल.