ड्रायव्हरशेजारची सीट

काम एवढंसं होतं. ॲपमधली दुकानांची यादी अशी लावायची, की गिऱ्हाइकाला जवळचं दुकान सगळ्यांत वर दिसेल. ‘चहा गार व्हायच्या आत करतो’ असं मी सकाळच्या मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलं. त्याला आता तीन दिवस झाले.

जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत यादी लावायला कंपॅरेटर, म्हणजे तुलना करणारा, लागतो. त्याची कंपेअर ही मेथड, म्हणजे नेमून दिलेलं काम, दोन वस्तू घेते आणि आधी कोण ते सांगते. दोनच! दुकानं दोन दिली, पण जवळचं म्हणजे कुणापासून जवळचं? गिऱ्हाईक कुठे उभं आहे हे सांगायला जागाच नाही. तिसरा पॅरामीटर, म्हणजे तिसऱ्या वस्तूची जागा, लिहिला, तर कोड तपासणारा कंपायलर विचारतो, ‘कबूल केलेली दोनवाली कुठंय?’ हा इंटरफेस, म्हणजे कुठल्या मेथड असायलाच हव्यात याचं नियमपत्रक, १९९८ सालापासून दोनच वस्तू मागतं. ते माझ्यासाठी बदललं, तर जगभरातले कंपॅरेटर माझ्या नावाने खडे फोडतील.

मग शेअर रिक्षा आठवली. मागची सीट भरली की जास्तीचा माणूस ड्रायव्हरशेजारी अर्ध्या बुडावर बसतो. गिऱ्हाइकाचं ठिकाण तसंच एका स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये, म्हणजे सगळ्यांत मिळून एकाच असलेल्या जागेत, बसवलं. माझ्या मशीनवर झकास चाललं, कारण गिऱ्हाईक मी एकटाच होतो. टेस्टिंगला दोघे एकदम आले आणि कोथरूडच्या माणसाला हडपसरची दुकानं दिसू लागली. त्या सीटवर आधीचा उतरायच्या आत दुसरा बसला होता. एकदा तर यादी लावता लावताच ठिकाण बदललं आणि तुलनेचा करार, म्हणजे उत्तरं एकमेकांशी जुळायलाच हवीत हा नियम, मोडल्याची तक्रार करून जावाने कामच टाकलं.

मग लॅम्डा, म्हणजे जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन. त्याला आजूबाजूचे व्हेरिएबल दिसतात, पण अट सोवळ्यातली: एकदा किंमत दिली की पुन्हा हात लावायचा नाही. मी आधी शहराचा मध्य धरायचो आणि जीपीएस जागं झालं की खरं ठिकाण भरायचो. म्हणजे दोनदा हात लागला. खरं ठिकाण हाती आल्यावर ते एका नव्या व्हेरिएबलमध्ये घेतलं असतं, तर लॅम्डाची हरकत नव्हती. एवढं सरळ सुचलं तर मी कसला! मी ते एकाच खोलीच्या ॲरेत लपवलं: ॲरे तोच, आतला माल बदलता.

आमच्या टीमच्या लीडने तो ॲरे पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“अरे, शाळेत डबा कधी मिळायचा तुला?”

“घरून निघताना.”

“मग?”

कंपॅरेटरचा स्वतःचा क्लास, म्हणजे साचा, केला आणि प्रत्येक कंपॅरेटर तयार होतानाच कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे त्याला घडवणाऱ्या कोडमधून, ठिकाण त्याच्या हाती दिलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा कंपॅरेटर, ज्याचा डबा त्याच्यापाशी. कंपेअर बिचारी दोनच दुकानं घेते आणि तिसरी गोष्ट हळूच डबा उघडून बघते. सात-आठ ओळी. तीन दिवस.

संध्याकाळी निरोप आला: बंद दुकानं यादीत खाली हवीत. म्हणजे आता घड्याळही आलं. कंपेअरलाच दर वेळी वेळ बघायला लावणार होतो, तेवढ्यात दचकलो. अर्धी यादी लागेपर्यंत नऊ वाजले आणि एखाद्याने शटर ओढलं, तर पुन्हा करार मोडला! निमूटपणे वेळ आधीच बघून घेतली आणि डब्यात आणखी एक वाटी ठेवली. झाकण नीट लागत नाही, ते सोमवारी बघू.