खुलासा : ‘झोपेत उचकी थांबली म्हणजे धोका नाही’ हे खरं नाही

‘कितीही दिवसांची उचकी असो, झोपेत थांबत असेल तर ती मनाचीच, झोपेची गोळी द्या’ असा मेसेज फिरतो आहे. त्यात अर्धंच सत्य आहे.

उचकी म्हणजे श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू) अचानक आकसणं आणि लगेच, साधारण ३५ मिलिसेकंदांत, स्वरयंत्राचं दार बंद होणं. गाढ झोपेत हा प्रतिक्षेप (शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया) मंदावतो, त्यामुळे शारीरिक कारणाची उचकीही रात्री थांबू शकते. झोपेतही चालू राहिली तर शारीरिक कारणाची शक्यता वाढते, हे बरोबर. ‘थांबली म्हणजे शारीरिक कारण नाही’ असा उलट निष्कर्ष मात्र निघत नाही.

म्हणून घड्याळ बघा. ४८ तासांपेक्षा जास्त टिकली तर डॉक्टरांकडे जाच, रात्री थांबत असली तरी. आम्लपित्त, मूत्रपिंडाचा विकार, रक्तातलं सोडियम कमी होणं, डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड औषध, अशी कारणं तपासावी लागतात. सोबत गरगरणं, दोन दोन दिसणं, गिळायला त्रास किंवा तोल जाणं असेल तर ४८ तास थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघात असा सुरू होऊ शकतो.

झोपेच्या गोळीचा सल्ला तर घातकच. झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या डायझेपामच्या गटातल्या औषधांनीच काहींना उचकी लागते. स्नायू सैल करणारं बॅक्लोफेन हे औषध उचकीवर उपयोगी पडतं, पण मूत्रपिंड कमजोर असेल तर ते शरीरात साचून गुंगी आणतं. मनाने घेऊ नका.

डॉक्टरांना दाखवायला झोपलेल्या रुग्णाचा मिनिटभराचा व्हिडिओ आणि चालू औषधांची यादी न्या. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.